आमच्या आजारांचे आकडे आमच्यापर्यंत येऊ द्या

प्रति,
मा. आयुक्त आणि मा. आरोग्य अधिकारी,
पुणे महानगरपालिका,
शिवाजीनगर, पुणे 411005

विषय : भागवार आजारांची आणि पाणी तपासणीची माहिती दर आठवड्याला नागरिकांना मिळण्याबाबत

स. न. वि. वि.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सिंहगड रस्त्यावर राहते आणि धायरीपासून खडकवासल्यापर्यंतच्या पट्ट्यात रुग्णांच्या घरी जाऊन त्यांचे व्यायाम करून घेते. पक्षाघात झालेले, खुब्याचे हाड मोडलेले, गुडघे बदललेले ज्येष्ठ नागरिक हे माझे नेहमीचे रुग्ण. 2025 च्या जानेवारीनंतर त्यांच्यात तरुण माणसे आणि शाळकरी मुले येऊ लागली. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे त्या महिन्यात सगळे पुणे ज्याला जीबीएस म्हणू लागले, त्यातून वाचून घरी आलेली. हे पत्र त्यांच्यामुळे लिहिते आहे. मागणी काय आहे ते आधीच सांगते. शहराच्या कोणत्या भागात कोणता आजार वाढतो आहे आणि कोणत्या भागातले पाणी तपासणीत कसे आले, हे दर आठवड्याला, मराठीत, त्याच भागातल्या माणसांना कळले पाहिजे.

जीबीएस एकापासून दुसऱ्याला होत नाही. शरीर एखाद्या जंतूशी लढत असते आणि ती लढाई चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. ताकद पावलांपासून जाऊ लागते, वर सरकत हातांपर्यंत येते, कधी गिळण्यापर्यंत आणि श्वासापर्यंत पोचते. एरवी वर्षाकाठी लाख माणसांमागे एखाद-दोघांना होणारा हा आजार. पण त्या वेळी काही आठवड्यांतच पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली, आणि त्यांतले बरेचसे नांदेड, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता या एकाच पट्ट्यातले होते. काही जण दगावले. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसातून तो पोटात जातो.

नव्या रुग्णाकडे गेले की मला आधीची हकीगत विचारावी लागते. पाय जड व्हायच्या आधी काय झाले होते? या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचे उत्तर एकच होते : पोट बिघडले होते, दोन-तीन आठवडे आधी. घरातले कुणीतरी मध्येच सांगायचे की तेव्हा आमच्या मजल्यावर सगळ्यांनाच जुलाब झाले होते. कुणाला पाण्याला आलेला वास आठवायचा. कुणी सांगायचे की शेजारच्या सोसायटीत टँकर येत होता आणि तिथेही हेच सुरू होते. हे सगळे मला फेब्रुवारीत, मार्चमध्ये, रुग्णाची टाच धरून पाऊल वर ढकलायला शिकवताना समजत होते. तेव्हा त्या माहितीचा कुणालाच उपयोग नव्हता. डिसेंबरच्या शेवटी ती एका जागी आली असती तर होता.

यातले काळाचे गणित मला फार महत्त्वाचे वाटते. जंतू पोटात गेल्यापासून जुलाब सुरू व्हायला साधारण दोन ते पाच दिवस लागतात. जुलाबानंतर नसांवर परिणाम दिसायला एक ते तीन आठवडे. मग रुग्णालय, निदान, नोंद, आणि शेवटी बातमी. म्हणजे जीबीएसचा आकडा वर्तमानपत्रात छापून आला तोवर, ज्या पाण्याने किंवा अन्नाने तो घडवला, ते पोटात जाऊन तीन-चार आठवडे उलटलेले होते. विहिरी, टाक्या, खासगी आरओ केंद्रे यांची तपासणी त्यानंतर झाली. घरोघर पाहणीही झाली, त्यासाठी तुमचे कर्मचारी उन्हातान्हात फिरले, याची मला जाणीव आहे. पण कॅम्पिलोबॅक्टरच्या साधारण हजार संसर्गांमागे एकालाच जीबीएस होतो असे वैद्यकशास्त्र सांगते. सगळे रुग्ण या एका जंतूमुळे आजारी पडले नव्हते हे धरूनही, त्या दोनशेंच्या मागे किती घरांत जुलाब होऊन गेले असतील याचा अंदाज करता येतो. या आजाराने आपल्याला इशारा दिला होता. तो जुलाबांच्या रूपात दिला होता, आणि जुलाब आपण मोजत असलो तरी कुणाला सांगत नाही.

त्या वेळी कुणालाच काही माहीत नव्हते असेही नाही. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांना आपल्या दवाखान्यात पोटाचे रुग्ण वाढल्याचे दिसत होते. औषधाच्या दुकानदाराला ओआरएसची पाकिटे नेहमीपेक्षा लवकर संपल्याचे माहीत होते. सोसायटीच्या सचिवांकडे पाण्याच्या तक्रारी येत होत्या. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता आणि प्रत्येकाला तो आपल्यापुरताच वाटत होता.

सरकारी व्यवस्था नाही असे माझे म्हणणे नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात 2004 पासून सुरू आहे. आशाताई आणि परिचारिका संशयित रुग्णांची नोंद करतात, डॉक्टर आपल्या निदानाप्रमाणे करतात, प्रयोगशाळा तपासणीच्या निकालाप्रमाणे करते. पूर्वी हे तीन वेगवेगळ्या कागदांवर चाले, आता संगणकावर भरले जाते. ही माहिती खालून वर जाते, आणि वर गेली की आमच्यापुरती संपते. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी काही काळ डेंग्यूच्या संशयितांची नावे नेमाने कळवली, पुढे कंटाळून सोडून दिली. कारण विचारल्यावर म्हणाले की कळवलेल्याचे पुढे काय होते ते कधी कळतच नाही. दवाखाना सांभाळून रात्री नोंदी करणाऱ्या माणसाला त्या नोंदींतून आपल्या भागाचे चित्र परत मिळाले नाही, तर त्याने किती दिवस हे काम करावे? पुण्यात निम्म्याहून जास्त आजार खासगी दवाखान्यांच्या पायऱ्या चढतात. त्या डॉक्टरांनी माहिती द्यावी असे वाटत असेल, तर त्यांना माहिती देणे हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सक्तीचे आदेश निघतात, पण त्याने एवढे साधत नाही.

आता नांदेड-किरकटवाडीकडे वेगळ्या बाजूने बघा. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एक चांगली पद्धत आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गावाच्या पाण्याच्या स्रोतांची स्वच्छतेच्या दृष्टीने पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकवले तर चंदेरी मिळते. लाल कार्ड आले की गावात चर्चा होते, सरपंचाला उत्तर द्यावे लागते. जलसुरक्षक नावाचा माणूस असतो. तो टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतो, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी घेतो, पाण्याला पिवळी छटा आली की क्लोरीन पोचले असे समजतो आणि वहीत लिहितो. हे सगळे ठिकठिकाणी काटेकोर चालते असा माझा दावा नाही. पण पाणी कसे आहे याची एक खूण, रंगातली, निरक्षर आजीलाही कळेल अशी, गावात असते.

2017 मध्ये 11 गावे महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही त्या दुसऱ्या यादीतली. गाव महापालिकेत आले की ग्रामपंचायत उरत नाही. तिच्यासोबत ते कार्डही जाते, आणि ज्याला चावडीवर अडवून विचारता येईल असा सरपंचही जातो. त्याच्या जागी नगरसेवक यायला हवा, पण महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपलेली होती. त्यामुळे 2025 च्या जानेवारीत, जेव्हा पाण्याबद्दल विचारायची वेळ आली, तेव्हा या गावांत सरपंच नव्हता आणि नगरसेवकही नव्हता. शहरातल्या जुन्या पेठांना वर्षानुवर्षे पर्वतीच्या जलकेंद्रातून शुद्ध केलेले पाणी मिळते. नव्याने आलेल्या गावांत विहीर, कूपनलिका, टँकर, खासगी आरओचे जार, असे जमेल तिथून पाणी भरले जात होते. खडकवासला धरण उशाशी आणि पिण्याच्या पाण्याची ही गत. जिथे पाण्याचे स्रोत सर्वांत जास्त मिसळलेले, तिथेच तपासणीची उघड खूण नाहीशी झाली. माझ्या मते त्या साथीतून शिकण्यासारखी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल मी कुठेही फारसे वाचलेले नाही.

हे काम महापालिकेला अवघड आहे असेही म्हणता येणार नाही, कारण तुम्ही ते करून दाखवलेले आहे. 9 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यातच आढळले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच क्षेत्रीय कार्यालयांप्रमाणे रुग्णांचे आकडे रोज जाहीर होऊ लागले. रात्री आकडे आले की घरोघरी ते वाचले जायचे. भवानी पेठेत काय, ढोले पाटील रस्त्याकडे काय, हे कोथरूडच्या माणसालाही तोंडपाठ होते. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आयसर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि इतर संस्थांनी महापालिकेच्या सहकार्याने पाच प्रभागांत रक्ततपासणीची पाहणी केली. येरवडा, कसबा-सोमवार पेठ, रास्ता पेठ-रविवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी आणि नवी पेठ-पर्वती. तपासलेल्या 1,664 लोकांपैकी 51.5 टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्याहून बोलके होते ते आतले फरक : झोपडवस्तीत प्रमाण जास्त, अपार्टमेंटमध्ये सगळ्यात कमी, आणि सामायिक शौचालय वापरणाऱ्यांमध्ये स्वतःचे शौचालय असणाऱ्यांपेक्षा जास्त. नमुने घेऊन दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच हे निष्कर्ष लोकांपुढे आले. त्यामुळे शहर घाबरून सैरावैरा पळाले नाही. सार्वजनिक शौचालयांची स्वच्छता हा साथीचा प्रश्न आहे, हे तेव्हा पहिल्यांदा आकड्यांनिशी बोलता आले.

मग साथ ओसरली आणि ती सवयही सुटली. एवढ्या मोठ्या प्रसंगात जमलेली गोष्ट जुलाब, कावीळ, विषमज्वर आणि डेंग्यू यांच्यासाठी का जमू नये?

आकडे जाहीर केले तर लोक घाबरतील, असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. ते मनापासून दिलेले असते, म्हणून त्याकडे नीट पाहते. जीबीएसच्या वेळी आमच्या भागात काय झाले ते सांगते. खरी माहिती उशिरा आणि तुटक आली, आणि मधल्या जागेत मोबाइलवरचे निरोप शिरले. चिकन खाऊ नका, पनीर खाऊ नका, अमुक लस घेतलेल्यांनाच होते, तमुक सोसायटीत पाच जण गेले. माझ्या एका रुग्णाच्या आईने दोन महिने घरात दूधसुद्धा येऊ दिले नाही. हातगाडीवाल्यांचा धंदा बसला. लोक तरीही घाबरलेच, फक्त चुकीच्या गोष्टींना घाबरले. ज्या पाण्याबद्दल सावध राहायला हवे होते ते उकळायची सूचना त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा निरोपांनी आधीच घर केले होते. दर शुक्रवारी, साथ असो वा नसो, एकच कागद येत राहिला, तर लोकांना त्याची सवय होते. या आठवड्यात जुलाबाचे रुग्ण नेहमीएवढेच, हेही सांगण्यासारखे असते. नेहमीचे किती ते माहीत असेल तरच वाढलेले किती ते कळते.

दुसरी बाजू विश्वासाची आहे, आणि या शहराला ती वेगळी सांगावी लागू नये. 1897 च्या प्लेगमध्ये सैनिक घरात शिरून रुग्ण शोधत, घरे रिकामी करत, सामान जाळत. आजारी माणूस मोजला जाणे म्हणजे तो घरातून नेला जाणे, असे समीकरण झाले आणि लोक रुग्ण लपवू लागले. त्यातून उसळलेला संताप 22 जून 1897 रोजी गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत गेला. त्याच प्लेगमध्ये हडपसरच्या माळावर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या, आणि त्याच आजाराने 10 मार्च 1897 रोजी गेल्या. एकाच शहरात, एकाच साथीत, रुग्णाकडे जायचे हे दोन मार्ग होते.

आज कुणी घर जाळत नाही. पण डासांच्या अळ्या सापडल्या की सोसायटीला नोटीस येते, दंड होतो. दंड करू नका असे मी म्हणत नाही. बांधकामांवरच्या उघड्या हौदांना तो व्हायलाच हवा. पण डेंग्यूचा रुग्ण कळवला की पाठोपाठ नोटीसच येणार, एवढेच लोकांना दिसले तर ते रुग्ण कळवणार नाहीत. कळवल्यावर आठवड्याच्या कागदात आपल्या भागाची नोंद दिसली, शेजारच्या इमारतींना सावध करता आले, कीटक विभागाची माणसे अळ्या कुठे शोधायच्या ते दाखवून गेली, तर लोक स्वतःहून सांगतात.

डेंग्यूबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण दर पावसाळ्यात आकड्यांवरून वाद होतो. लोकांच्या घरात रुग्ण असतात आणि अधिकृत आकडा लहान असतो, मग लपवाछपवीचा आरोप होतो. खरे कारण बरेचदा साधे असते. खासगी लॅबमध्ये झटपट होणारी एनएस-1 तपासणी पॉझिटिव्ह आली की रुग्णाच्या दृष्टीने तो डेंग्यू असतो, पण नोंदीत तो संशयित राहतो. एलायझा या प्रयोगशाळेतल्या अधिक खात्रीच्या तपासणीनंतरच तो निश्चित धरला जातो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले आणि दोन ओळींत फरक समजावला, तर हा वाद उरत नाही. देशभर डेंग्यूच्या निदानासाठी वापरले जाणारे एलायझा संच आपल्याच शहरातल्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, तयार होतात. 1952 मध्ये सुरू झालेली ती संस्था इथे आहे, 2020 मध्ये कोरोनाचा विषाणू भारतात प्रथम तिथेच वेगळा केला गेला. मग या शहराच्या माणसाला डेंग्यूच्या आकड्याचा अर्थ समजत नसेल तर ती उणीव भरून काढण्यासारखी आहे.

आणि भाग केवढा धरायचा, हा प्रश्न आहेच. डेंग्यूचा आणि झिकाचा एडिस डास सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, मनीप्लँटच्या बाटलीत, गच्चीवरच्या पिंपात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो आणि तो दिवसाढवळ्या चावतो. महापालिकेची क्षेत्रीय कार्यालये 15. 2011 च्या जनगणनेची जुन्या हद्दीतली 31 लाख लोकसंख्या धरली तरी एका कार्यालयाखाली सरासरी दोन लाख माणसे येतात. दोन लाखांचा एकच आकडा सांगून कुणी आपली गच्ची पाहायला उठणार नाही. 2024 च्या जूनमध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले तेव्हा गरोदर बायकांना जाणून घ्यायचे होते की आपली गल्ली त्यात येते का. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिका रुग्ण आढळला, तेव्हा गावाचे नाव स्पष्ट होते, म्हणून त्या गावात नेमके काम करता आले. शहरात निदान आरोग्य कोठीच्या, म्हणजे महापालिकेच्या वस्तीपातळीवरच्या आरोग्य कार्यालयाच्या, हद्दीएवढा तरी भाग धरावा. रुग्णाचे नाव, इमारतीचे नाव कुठेही येता कामा नये, आणि संख्या अगदीच लहान असेल तर दोन शेजारचे भाग एकत्र दाखवावेत. एवढी काळजी घेतली की खासगीपणाचा आक्षेप उरत नाही.

लोकसंख्येचा प्रश्नही इथेच सोडवावा लागेल. 2011 नंतर जनगणनेचे आकडे आपल्या हातात नाहीत, आणि मधल्या काळात नांदेड, धायरी, आंबेगाव, वाघोली इथे बारा-बारा मजल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. शंभर रुग्ण वीस हजारांत की ऐंशी हजारांत, यावर सगळा अर्थ अवलंबून असतो. मिळकतकराच्या नोंदी, पाण्याच्या जोडण्या, वीजमीटर यांवरून महापालिकेला भागवार लोकसंख्येचा बरा अंदाज काढता येईल. पुण्यात संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसांची वानवा नाही. एक बैठक बोलावली तर लोक विनामूल्य येतील.

त्या कागदावर काय असावे? एका पानात मावेल एवढेच. गेल्या आठवड्यात या भागात जुलाब, कावीळ, ताप, संशयित आणि निश्चित डेंग्यू यांचे किती रुग्ण, त्याच्या आधीच्या चार आठवड्यांत किती, गेल्या वर्षी याच आठवड्यात किती. किती दवाखान्यांनी आणि लॅबनी कळवले, किती जणांनी कळवले नाही, कारण त्याशिवाय आकडा कमी झाला की कळवणारे कमी झाले हे समजत नाही. आणि पाणी : कोणत्या टाकीचे, कोणत्या विहिरीचे, किती नळांवर तपासले, किती ठिकाणी क्लोरीन पुरेसा नव्हता, किती नमुन्यांत दूषितता आली. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात निदान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरलेला असावा. ग्रामपंचायतींचे लाल-पिवळे-हिरवे रंग इथे जसेच्या तसे वापरता येतील. लोकांना ते आधीच समजतात. खासगी टँकर आणि आरओ केंद्रांनाही हेच रंग द्या, त्यांच्या दारावर लावायला सांगा. कागद क्षेत्रीय कार्यालयात, आरोग्य कोठीवर, रेशन दुकानात, शाळेच्या फाटकावर आणि दवाखान्यांत लागावा. मोबाइलवर तर तो आपोआप फिरेल. यासाठी नवीन ॲप काढू नये अशी विनंती आहे. माझ्या बहुतेक रुग्णांच्या घरी ॲप उघडून पाहणारे कुणी नसते.

आता माझ्या स्वतःच्या कामाकडे येते, कारण तिथे मोजणीच थांबते. रुग्णालयातून सुट्टी मिळाली की जीबीएसच्या रुग्णाची सरकारी नोंद बरा होऊन घरी गेला अशी होते. घरी गेलेला तो माणूस कसा असतो ते मी पाहते. पाऊल लोंबते, म्हणून पायाला पट्टा बांधल्याशिवाय चप्पल निसटते. शर्टाची बटणे बायको लावून देते. जिन्याच्या चार पायऱ्यांनंतर इतका थकवा येतो की तो बसून राहतो, आणि बाकीच्यांना वाटते की आता आळस करतो आहे. या आजाराच्या रुग्णांपैकी साधारण पाचव्या हिश्शाला सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालता येत नाही, असे जगभरचा अनुभव सांगतो. साठ किलो वजनाच्या माणसाला इम्युनोग्लोब्युलिन या जीबीएसवरच्या औषधाची पूर्ण मात्रा म्हणजे 120 ग्रॅम, पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या, आणि एकेक बाटली हजारो रुपयांची. त्या खर्चासाठी शासकीय योजनेतून आणि महापालिकेकडून मदत जाहीर झाली, त्याचे मोल मी जाणते. पण ती मदत रुग्णालयाच्या दारापाशी संपते. पुढे सहा महिने, वर्षभर व्यायाम लागतो, आणि तो रिक्षाचालकाला, घरकाम करणाऱ्या बाईला, बांधकामावरच्या मजुराला परवडत नाही. अशा घरांत दर भेटीचे पैसे घेताना माझा हात जड होतो. मी शक्य तिथे घेत नाही, पण एकट्या माणसाच्या दयेवर रुग्णांची चाल अवलंबून असू नये.

रुग्णाचा माग दीर्घकाळ ठेवणे पुण्याला नवे नाही. 1993 मध्ये केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची पाहणी सुरू केली. पुढे त्यांची बाळंतपणे, त्यांची मुले, असा तो माग आजवर चालू आहे. वजनाने कमी भरलेल्या आपल्या बाळांच्या अंगात चरबीचे प्रमाण मात्र जास्त असते, आणि आईच्या ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा मुलाच्या पुढच्या आरोग्याशी संबंध असतो, हे जगाला त्या गावांनी दाखवले. वढू परिसरातल्या गावांत 2002 पासून घराघराची आरोग्यनोंद ठेवली जाते. पोटातल्या बाळापासून तिशीतल्या तरुणापर्यंत माग काढणाऱ्या या जिल्ह्याला दोनशे जीबीएस रुग्णांची सहा महिन्यांनी आणि वर्षाने विचारपूस करणे अशक्य नाही. चालता येते का, कामावर परतलात का, शाळा सुटली का, कर्ज किती झाले, एवढे चार प्रश्न पुरेत. त्या उत्तरांवरून महापालिकेच्या दवाखान्यांत किती फिजिओथेरपिस्ट लागतील ते ठरवता येईल. आज तो आकडा कोणत्या आधारावर ठरतो, मला समजलेले नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत शासनाने हे बरेचसे साधले आहे. 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्ण कळवणे बंधनकारक आहे, निक्षय या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंद होते, उपचार पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा होतो, आणि पोषणासाठी महिन्याला पूर्वी 500, आता 1,000 रुपये थेट खात्यात येतात. नोंद झाली की रुग्णाला काही मिळते, म्हणून नोंद होते. जीबीएस, डेंग्यू, कावीळ यांना पैसे द्या असे मी म्हणत नाही. निदान माहिती आणि उपचारानंतरची सोय तरी द्यावी.

सुरुवात सगळ्या शहरात एकदम करायची गरज नाही. सिंहगड रस्ता क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत या पावसाळ्याच्या आधी पहिला कागद निघावा, आणि दिवाळीपर्यंत दर शुक्रवारी निघत राहावा. आमच्या भागातल्या काही डॉक्टरांशी, औषध दुकानदारांशी आणि सोसायट्यांच्या सचिवांशी मी बोलले आहे. आठवड्याचा आकडा द्यायला ते तयार आहेत. बचत गटाच्या बायका नळावरची क्लोरीन तपासणी शिकायला तयार आहेत, महापालिकेने तपासणीचे संच आणि एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. फिजिओथेरपिस्ट म्हणून जीबीएसच्या रुग्णांच्या पाठपुराव्याची पाहणी मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला करू, फक्त रुग्णांच्या संमतीने त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट आरोग्य विभागाने करून द्यावी. हे सगळे प्रत्यक्ष मांडण्यासाठी आपण अर्धा तास वेळ द्यावा आणि भेटीचा दिवस कळवावा, ही विनंती. सोबत डॉक्टर आणि बचत गटाच्या दोन प्रतिनिधी असतील.

कळावे,

आपली नम्र,
सिंहगड रस्त्यावरची एक फिजिओथेरपिस्ट